पाच जणांचा एक पास

प्रवासाचा बेत आखावा तर मीच! नागोयातल्या टाइल्सच्या कारखान्यात सव्वीस वर्षं माल रवाना करतोय. एक खोका कधी चुकीच्या गावाला गेला नाही. तेव्हा मुलीच्या होणाऱ्या सासरी, तोत्तोरीला, पाच माणसं पोचवणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ.

पाच म्हणजे मी, बायको मासाए, मुलगी चिनात्सु, एक्याऐंशी वर्षांच्या सासूबाई आणि होणारा जावई होताका. दुसऱ्या दिवशी दोन्ही घरच्यांनी एकत्र जेवून लग्न पक्कं करायचं आणि मग दोन दिवस तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर सुट्टी घालवायची, असं ठरलेलं. मासाए म्हणत होती, सरळ प्रत्येकाचं एक्सप्रेसचं तिकीट काढा. मी तीन आठवडे वेळापत्रकात डोकं घालून बसलो आणि सुट्टीचा पास काढला. एकच कागद, त्यावर शिक्क्यांचे पाच चौकोन. एकाने पाच दिवस फिरा, नाहीतर पाच जणांनी एक दिवस. अटी दोनच: फक्त साध्या गाड्या, आणि पाचही जणांनी फाटकातून आत जायचं ते एकत्र, बाहेर पडायचं तेही एकत्र. आता घरची माणसं म्हटल्यावर एकत्रच असणार की, त्यात अडचण ती कसली?

होताकाला विचारलं, तर तो म्हणाला, "छानच आहे, काका." मला पोरगा तिथेच आवडला.

सकाळी सहाला निघालो. ओगाकीला चार मिनिटांत पूल ओलांडून पलीकडची गाडी गाठायची होती. सगळा फलाट पळत सुटला. सासूबाईंना होताकाने जवळजवळ उचलूनच नेलं. माइबाराला पुन्हा तेच, आणि एवढं पळून उभंच राहावं लागलं. उभ्या उभ्या चिनात्सुने होताकाला सहज विचारलं, एक्सप्रेसने किती वेळ लागतो?

"चार तास," तो म्हणाला. दर नव्या वर्षाला त्याच गाडीने घरी जातो तो.

"आणि असं?"

"साडेदहा."

"तुला ठाऊक होतं? मग बाबांना सांगितलं का नाहीस?"

"काकांनी एवढ्या हौसेने..."

झालं! चिनात्सुचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि तो खाली गेला की मला धडकीच भरते. ती म्हणाली, "एका पासाला तुला नाही म्हणता येत नाही. उद्या तुझ्या आईपुढे माझी बाजू काय घेशील? मला नाही यायचं. पुढच्या स्टेशनला मी उतरते."

मी म्हटलं, बाई गं, तसं उतरता येणार नाही, कागद एकच आहे. तू बाहेर पडायचं म्हणजे आपण पाचही जणांनी बाहेर पडायचं, आणि तोवर पुढची गाडी निघून जाणार.

सासूबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "म्हणजे लग्न मोडायचं तरी जावईबापूंच्या वेळापत्रकात बसायला हवं."

"कुठे बसतंय?" चिनात्सुने विचारलं.

आणि मी गाढव! खिशातून वेळापत्रक काढलं, चष्मा लावला आणि सांगितलं, "हिमेजीला सत्तावीस मिनिटं आहेत."

हिमेजी दोन तासांवर. क्योतोनंतर जागा मिळाल्या तर ती दोघं पाठीला पाठ लावून बसली. मासाएने बांधून आणलेले भाताचे गोळे कुणी सोडलेसुद्धा नाहीत. माझ्या हाताच्या घामाने पास ओला झाला. होताकाच्या आईला फोन करून काय सांगायचं? तुमच्या मुलाचं लग्न मोडलं, पण प्रवास स्वस्तात झाला? मासाए खिडकीबाहेर बघत होती.

हिमेजीला आम्ही रांगेने बाहेर पडलो. फाटकावरच्या माणसाने पाच डोकी मोजली आणि वाकून आभार मानले. चिनात्सु थेट तिकीट खिडकीकडे निघाली. मी होताकाला म्हटलं, अरे, जा, तिच्याशी काहीतरी बोल.

तो तिच्याकडे गेलाच नाही. माझ्यासमोर ताठ उभा राहिला. कान लाललाल झाले होते.

"काका, मला हा पास अजिबात आवडलेला नाही. आजींचे हाल झाले, माझी कंबर धरली. मी आता एक्सप्रेसने जाणार. तुम्हीही यावं असं मला वाटतं, पण नाही आलात तरी मी जाणार."

खिडकीपाशी चिनात्सुने मागे वळून पाहिलं. मग खिडकीतल्या बाईंना म्हणाली, "तोत्तोरी. दोन."

"तीन," सासूबाई म्हणाल्या.

मासाएने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चार."

आता मी पाच म्हणायला हवं होतं, कळतंय मला. कुणीही म्हटलं असतं. पण माझ्या तोंडून निघालं, "अहो, पास वाया जाईल!"

शिक्के आधीच पडलेले होते, म्हणून फाटकावरच्या माणसाने मला एकट्यालाही आत सोडलं, आणि उरलेले सहा तास मी एकटाच गेलो. एका डोंगरातल्या स्टेशनवर गार्डने पासावरचे पाच शिक्के पाहिले, रिकामा डबा पाहिला आणि बाकीचे चौघे कुठे म्हणून विचारलं. मी म्हटलं, पुढे गेले.

त्या शरदात लग्न झालं. माझ्या पासामुळेच जमलं असं मी चारचौघांत सांगतो, आणि ते काही खोटं नाही. फक्त जावयाला नाही म्हणायची चव लागली ती लागलीच. परवा जेवताना मी खिशातून फेरीबोटीचं वेळापत्रक नुसतं बाहेर काढलं. कशाचं आहे तेही न बघता तो "नाही" म्हणाला, आणि चिनात्सुने त्याला आणखी भात वाढला.