तंबूपुढची रांग

एका शुक्रवारी संध्याकाळी जेवता जेवता क्लेमेंट हेक्स्ट बायकोला म्हणाला, "यंदा ऑगस्टात मी कॅरॅव्हॅनमधून यायचा नाही." एवढं बोलून थांबला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. पण एक्झिटरच्या नगरपालिकेत बावीस वर्षं गटारांच्या फायली इकडून तिकडे सरकवणाऱ्या माणसाला शुक्रवारी संध्याकाळी जरा भव्य बोलावंसं वाटतंच. तो पुढे म्हणाला, "मला खरा निसर्ग हवा. उघडं माळरान, सायकल आणि तंबू. बस!"

मेरियलने हातातला काटा खाली ठेवला. (ती काटा खाली ठेवते तेव्हा समजावं, आपलं काही खरं नाही.)

"मग उद्याच जा की डार्टमूरच्या माळावर. रविवारी दुपारी बारापर्यंत तिथे राहून दाखव, आणि तेही सायकलवर स्वतः वाहून नेलेल्या सामानावर; खाणंपिणंसुद्धा त्यातलंच. राहिलास तर कॅरॅव्हॅनचं नाव काढणार नाही. नाहीतर ड्रुसिला आणि विल्फ्रेडबरोबर पंधरा दिवस. हसतमुखाने!"

ड्रुसिला म्हणजे मेरियलची बहीण आणि विल्फ्रेड क्लेमेंटचा साडू. माणूस वाईट नव्हता, पण कॅरॅव्हॅनमधला, म्हणजे त्याच्या त्या चाकांवरच्या घरातला, संडास कसा रिकामा करावा हे तो रोज सकाळी नाश्त्याच्या वेळी नव्याने समजावून सांगे. ते टाळायला क्लेमेंट उत्तर ध्रुवावरसुद्धा गेला असता. डार्टमूर त्या मानाने जवळ होतं.

शनिवारी तो निघाला. सायकलच्या दांडीला पिशवी, हँडलला पिशवी, सीटखाली पिशवी. सायकल कमी आणि पिशव्याच जास्त. दुपारी माळावर धुकं उतरलं. त्या धुक्यातून तीन तास सायकल ढकलल्यावर एक मोठा आडवा खडक लागला. त्याच्या आडोशाला क्लेमेंटने तंबू ठोकला. आसपास मैलोन्‌मैल माणूस नाही, या विचाराने त्याचा ऊर भरून आला. थंड बीन्स खाऊन तो झोपला.

सकाळी धुकं विरलं. क्लेमेंट बाटली घेऊन ओढ्यावर गेला, तोंड धुतलं, पाणी भरलं आणि परत येऊन बघतो तर तंबूसमोर माणसांची रांग!

चांगली पंधरा-सोळा माणसं, पायात बूट, पाठीवर पिशव्या, एकामागे एक शांतपणे उभी. आता दुसऱ्या कुठल्या देशातल्या माणसाने विचारलं असतं, "काय हो, माझ्या तंबूपुढे काय चाललंय?" पण क्लेमेंट इंग्रज. रांग दिसली की आधी तिच्या शेवटी जाऊन उभं राहायचं आणि मग कसली आहे ते बघायचं, हे त्याच्या रक्तातच होतं. तो उभा राहिला.

त्याच्या पुढे एंडाकॉट नावाच्या बाई होत्या. त्यांनी मागे वळून गोड हसून विचारलं, "तुम्हीपण शिक्क्यासाठीच ना?"

"अं... हो."

मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. डार्टमूरवर हौशी मंडळी दगडांच्या खबदाडीत डबे लपवतात. डब्यात रबरी शिक्का असतो. शोधणाऱ्याने तो आपल्या वहीत मारायचा आणि डबा पुन्हा ठेवून द्यायचा. या खडकाखाली एक नवा डबा ठेवल्याचं त्यांच्या मंडळाच्या पत्रकात छापून आलं होतं, आणि नेमका त्या खबदाडीच्या तोंडावर क्लेमेंट झोपला होता.

'माफ करा, तंबू माझाच,' असं तो म्हणणार, एवढ्यात एंडाकॉटबाई म्हणाल्या, "कोण हा रानटी माणूस, देव जाणे! आम्ही पाऊण तास उभे आहोत."

"काय एकेक माणसं असतात!" क्लेमेंटच्या तोंडून निघून गेलं. (समोरच्या बाईच्या मताला विरोध करायचा नाही, ही घरची सवय.)

झालं! आता कबुली द्यायची सोय उरली नाही. उलट आपल्यावर संशय येऊ नये म्हणून त्याने तंबूवाल्याला आणखी दोन शेलक्या शिव्या घातल्या. लोकांना त्या आवडल्या.

शेवटी लस्कम नावाच्या उंच गृहस्थांनी तोडगा काढला. "आपण तंबू अलगद उचलू, शिक्के मारू आणि पुन्हा होता तसा लावू. कुणाची हरकत?"

मतदान झालं. सगळे हात वर गेले, त्यात क्लेमेंटचाही.

खुंट्या निघाल्या मात्र, माळावरच्या वाऱ्याने तंबू उचलला तो थेट दलदलीवर नेला. एकदा वर उसळून तो हिरव्या चिखलात सावकाश बुडाला. सगळे टोप्या काढून बघत राहिले.

"अरेरे, बिचाऱ्याचा तंबू!" क्लेमेंट म्हणाला. या वेळी तो अगदी मनापासून बोलला होता.

शिक्के मारून झाले (क्लेमेंटकडे वही नव्हती, त्याने मनगटावर मारून घेतला), पण कुणी हलेना. तंबूवाल्याची माफी मागितल्याशिवाय जायचं कसं? पुन्हा रांग लागली. माफी मागायला क्लेमेंटही शेवटी उभा राहिला.

तासाभराने एंडाकॉटबाईंचा आवाज कापरा झाला. "सायकल इथेच आहे हो. तो दलदलीत तर नाही ना गेला? आणि मी त्याला रानटी म्हणाले!" त्यांनी डोळे पुसले. आता सांगायलाच हवं, म्हणून त्याने दोनदा घसा खाकरला; पण लस्कम सायकलवरच्या पट्टीवर लिहिलेला घरचा फोन नंबर वाचून फोन करायला टेकाडावर पोचलेसुद्धा होते.

पावणेबाराला, हाकेच्या अंतरावरच्या रस्त्यावर (काल धुक्यात हा दिसलाच नव्हता) विल्फ्रेडची कॅरॅव्हॅन येऊन थांबली. मेरियल धावतच आली. चेहरा पांढराफटक.

"क्लेमेंट! अरे, हे लोक म्हणतात तू बुडालास! आणि तू इथे रांगेत काय करतोयस?"

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मग एंडाकॉटबाई आभाळाकडे बघत म्हणाल्या, "हवा मात्र छान पडलीय आज."

त्यानंतर एकेकाने पुढे येऊन क्लेमेंटची माफी मागितली आणि क्लेमेंटने एकेकाची. दोन्ही बाजूंनी मिळून बत्तीस माफ्या झाल्या. तेवढ्यात विल्फ्रेडने कॅरॅव्हॅनच्या दारात सगळ्यांसाठी चहा मांडला होता. तिकडे रांग लागली.

क्लेमेंटने शेवटचा नंबर धरला. सोळा माणसं पुढे, म्हणजे आपली पाळी बारानंतरच येणार! बाजी अजून आपल्याच हातात, या विचाराने तो पहिल्यांदाच सैलावला.

"अहो, तुम्ही पुढे व्हा," एंडाकॉटबाई म्हणाल्या. "तुमचे किती हाल झाले!"

"छे छे, तुम्हीच."

"नाही नाही, तुम्ही."

"खरंच नको."

"आमच्यासाठी!"

दोनदा नाही म्हणता येतं. तिसऱ्यांदा म्हणणं म्हणजे अपमान. तो एक पाऊल पुढे सरकला, तर पुढच्यानेही वाट दिली, त्याच्या पुढच्यानेही. हां हां म्हणता सगळी रांग बाजूला झाली आणि विल्फ्रेडने वाफाळता कप त्याच्या हातात ठेवला. सोळा जण कौतुकाने बघत होते. क्लेमेंटने घोट घेतला. गरम, गोड, फक्कड चहा. इतका बरा चहा तो कित्येक दिवसांत प्यायला नव्हता.

"किती वाजले?" त्याने हळूच विचारलं.

मेरियलने घड्याळ पाहिलं. "बाराला दोन मिनिटं कमी." मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून ती मायेने म्हणाली, "आणखी एक घे हवं तर. आता काय फरक पडतो?"

क्लेमेंटने मान डोलावली, कप रिकामा केला आणि मुकाट्याने पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.