विषय: जळालेले गॅस्केट जमा करण्याबाबत

लातूरच्या आमच्या वाहन सुटे भाग कक्षातून आजवर एकही चुकीचा भाग बाहेर गेलेला नाही. बरोबर भागही फारसे गेलेले नाहीत, पण तो वेगळा विषय आहे. कक्षाचा वरिष्ठ सहायक या नात्याने हे मी अभिमानाने नमूद करतो.

मार्च महिन्यात उदगीर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्राचा रुग्णवाहिका-चालक नरसिंग माझ्या टेबलासमोर उभा राहिला. मागणी एका गॅस्केटची होती. इंजिन आणि त्याला हवा पुरवणारा मॅनिफोल्ड यांच्यामध्ये एक तपकिरी, कडक पट्टी असते. इंजिनची धग आत जाणाऱ्या हवेला लागू नये, म्हणून. वरच्याचा ताप खालच्याला लागू नये अशी सोय आमच्या खात्यात माणसांसाठीही नाही, पण गाड्यांसाठी आहे. ही पट्टी जळाली होती आणि गाडी चढाला लागली की दम टाकत होती.

"साहेब, माझ्या लेकीचे, रेणुकाचे, दिवस भरत आलेत," नरसिंग म्हणाला. "पंधरा-वीस दिवस राहिले. उदगीरच्या दवाखान्यात न्यायला दुसरी गाडी न्हाई गावात. आन् मधी चढ लई हाय."

"लेकीसाठी वेगळा अर्ज करा. जुनं गॅस्केट आणलंय?"

जुना भाग जमा केल्याशिवाय नवा द्यायचा नाही, हा आमचा नियम. नरसिंगने रुमाल सोडला. आत काळा चुरा होता. मी चष्मा लावला.

"हे गॅस्केट आहे?"

"होतं, साहेब."

"होतं चालत नाही. हा चुरा गॅस्केटचाच आहे, असा तांत्रिक अधिकाऱ्यांचा दाखला आणा."

तांत्रिक अधिकारी मंजुश्री मॅडम अत्यंत काटेकोर. इंजिनात बसवलेलं पाहिल्याशिवाय त्या कशालाही गॅस्केट म्हणत नाहीत. त्यांनी गाडी हजर करायला सांगितलं. नरसिंगने जागोजागी थांबत, इंजिन निववत, सहा तासांत गाडी लातूरला आणली. मॅडमनी विचारलं, "उदगीरहून चालत आली ना? मग दोष काय आहे?" आणि शेरा मारला : 'वाहन चालू स्थितीत.'

दुसऱ्या खेपेला त्याने गाडी ट्रॅक्टरला बांधून आणली. फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं. ओढून आणलेली वाहनं फक्त भंगार विभागात घेतात. तिथला लिपिक इतका तत्पर, की नरसिंग हातापाया पडेपर्यंत लिलावाचा अर्धा फॉर्म भरून झाला होता.

शेवटी दाखला मिळाला, पण यात बारा दिवस गेले. मीही माणूस आहे, म्हणून मी फाईल दस्ती दिली. म्हणजे टपालात महिना जाऊ नये म्हणून ज्याची गरज, त्याच्याच हातात फाईल देऊन त्यालाच टेबलोटेबली पळवायचं. आता उदगीरची एकच सही उरली होती. सही करणारे साहेब 'तत्पर प्रशासन' या विषयाच्या प्रशिक्षणाला आठवडाभर गेले होते.

नरसिंग फाईल कवटाळून नागप्पा मेकॅनिकच्या गॅरेजात जाऊन बसला. नागप्पाने फाईल वाचली नाही. तिचा जुना, जाड पुठ्ठा अंगठ्याने दाबून पाहिला.

"अण्णा, ही कशाची फाईल?"

"आपल्या गॅस्केटचीच."

"मंग गॅस्केट कशाला हुडकून राहिलास? हातात तर हाय!"

त्याने मापाने पुठ्ठा कापला, भोकं पाडली, दोन थर चिकटवले, बोल्ट आवळले. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढली. आमच्या कार्यालयाच्या इतिहासात एखादी फाईल प्रत्यक्ष कामाला आल्याचं हे पहिलंच उदाहरण.

खरं सांगतो, मी डोळेझाक केली असती. 'आवरण जीर्ण' असा शेरासुद्धा लिहून ठेवला होता. पण गॅरेजात व्यंकट नावाचं एक गिऱ्हाईक बसलं होतं. त्याने व्हिडिओ काढला : 'सरकारी रुग्णवाहिका चालते पुठ्ठ्यावर!' संध्याकाळपर्यंत तो औशापासून हिमायतनगरपर्यंत पोचला. दोन लाख चाळीस हजार लोकांनी पाहिला. 'लाज वाटू द्या', 'आता पेशंटलाही पुठ्ठ्यावरच झोपवा', असे अभिप्राय आले. हसून हसून रडणाऱ्या चेहऱ्यांच्या चिन्हांची तर गणतीच नव्हती. लोक हसले की आमचे वरिष्ठ जागे होतात. दुसऱ्याच दिवशी आदेश निघाला : 'जनभावना विचारात घेता सदर वाहन तात्काळ उभे करावे.' किल्ली लाखेने मोहोरबंद झाली.

तिसऱ्या दिवशी रेणुकाला कळा सुरू झाल्या. नरसिंगने तिला सोयाबीनची पोती नेणाऱ्या ऑटोत घातलं. ऑटो चढावर बंद पडला. बाजाराला निघालेल्या लक्ष्मम्मा नावाच्या बाईने रस्त्याकडेला लुगड्याचा आडोसा धरला आणि पोत्यांवर मुलगी झाली. रेणुकाला रक्तस्राव फार झाला, ती थोडक्यात वाचली. मायलेकी सुखरूप असल्याबद्दल कक्षाने समाधान व्यक्त केलं आहे. मला स्वतःला त्या रात्री जेवण गेलं नाही, पण त्याची नोंद घ्यायला रकाना नाही.

काल नरसिंग पुन्हा आला. मला वाटलं, गॅस्केट मागेल.

"साहेब, त्या व्हिडिओला हसलेल्या लोकांची यादी भेटंल का?"

"कशाला?"

"लेक विचारून राहिली, चालती गाडी कुणी उभी केली म्हणून. तुमी तर न्हाई केली. तुमी निस्ती चालू होऊ देत नव्हता. पत्ते भेटले तर बारशाचं बोलावणं धाडतो. येऊन पोरीचं तोंड बघून जावा म्हणावं."

अशी यादी कक्षाकडे उपलब्ध नाही. तरी ज्यांनी तो व्हिडिओ पाहताना, किंवा आत्ता ही हकिकत वाचताना पुठ्ठ्यापाशी, हसून घेतलं असेल, त्यांनी आपलं संपूर्ण नाव व पत्ता या कक्षास कळवावा. बारसं रविवारी आहे.