भानुदासतात्यांचा कोरा रकाना

लग्नाच्या पंगतीत वाढपी वरण घेऊन आला की भानुदासतात्या पानावर आडवा हात धरतात. "ही तूर कुणाच्या रानातली?" वाढप्याला ते सांगता येत नाही. मग तात्या घरून फडक्यात बांधून आणलेली भाकरी सोडून खातात. अक्षता मात्र बिनतक्रार टाकतात. "ते तांदूळ पोटात जात न्हाईत," असं त्यांचं म्हणणं.

शिरूर कासारजवळच्या आमच्या गावात वीस शेतकऱ्यांचा सेंद्रिय गट आहे. वर्षातून एकदा शहरातून तपासणीला मॅडम येतात. त्यांचं समाधान झालं तर आमच्या सीताफळाला प्रमाणपत्र मिळतं. एकाच्या वहीत खोट निघाली तर विसांचं अडकतं. म्हणून गटाने आपल्यातलाच एक तपासनीस नेमला. तात्यांना नेमण्यात चूक झाली हे आठवड्यात कळलं, पण तोवर त्यांनी नेमणुकीचा कागद लॅमिनेट करून घेतला होता.

मी निवृत्त शिक्षक. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, त्याची फेड म्हणून माझी वही तपासायला तात्या आले. माझ्या दारात पाय पुसायला युरियाचं जुनं पोतं होतं.

"गुरुजी, ह्यातला युरिया झाडाला गेला न्हाई, पुरावा काय?"

"तात्या, ते पोतं मी तुमच्याच घरून आणलंय. गट निघायच्या आधी."

"मंग तर लई गंभीर हाय," म्हणाले, आणि माझ्याखालोखाल स्वतःविरुद्धही शेरा लिहिला.

एकदा त्यांची शेळी बांध ओलांडून धाकट्या भावाच्या, सुदामच्या, फवारलेल्या कपाशीत गेली. तात्यांनी तिला घरामागे बांधून वहीत नोंद केली : 'शेळी निलंबित. लेंडीखत धरू नये.' नोंद एकटाकी. "खाडाखोड म्हंजी चोरी," हे त्यांचं ब्रीद.

वाटणी झाल्यापासून दोघे भाऊ बोलत नाहीत. शेजारी फवारणी करत असेल तर सेंद्रियवाल्याने आपल्या रानातला पट्टा मोकळा सोडावा, असा नियम आहे. आमच्याकडे वीतभर बांधासाठी लोक कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. तात्यांनी हूं की चूं न करता सहा हात सोडले आणि त्यात बाजरी पेरली. ती सेंद्रिय म्हणून विकता येत नाही, पण तिचं काय केलं हे लिहावं लागतं.

यंदा तात्यांच्या ओसरीवर गट जमला होता; त्यांची वही तपासताना मॅडम त्या पानावर थांबल्या. पेरणी, काढणी, वजन, सगळं होतं. 'विल्हेवाट' हा रकाना सलग पाच वर्षं कोरा; आजवर कुणाच्या नजरेत आला नव्हता.

"विकली?"

"न्हाई."

"घरी खाल्ली?"

"न्हाई."

"मग गेली कुठे? हे भरल्याशिवाय गटाची फाईल पुढे जाणार नाही."

एकोणीस माणसं तात्यांकडे बघू लागली. मला माझ्या दारातलं युरियाचं पोतं आठवलं. "तात्या, पुरावा काय?" मी म्हणालो, आणि त्यांचा चेहरा बघून जीभ चावली.

"सुदाम दिवाळीनंतर बायकापोरांसंगं ऊसतोडीला जातो," तात्या जमिनीकडे बघत म्हणाले. "जायच्या आदल्या सकाळी त्याच्या ओसरीवर ठिवून येतो. फडावर भाकरीला होती."

"त्यांना माहीत आहे, तुम्ही ठेवता ते?"

"इचारलं न्हाई कदी. आमी बोलत न्हाई."

"मग पुरावा कसा धरायचा?"

तात्या आत गेले आणि बाजरीचं रिकामं पोतं घेऊन आले. स्वच्छ धुतलेलं, चौघडी घातलेलं, फाटल्या जागी लुगड्याचं ठिगळ लावलेलं. "चैतात माघारी आला की बांधावर ठिवतो. दरसाली. धुवून."

मॅडमनी पोतं उलटसुलट पाहिलं, स्वतःच पेन घेतलं आणि रकान्यात लिहिलं : 'शेजारी शेतकऱ्यास दिली.'

तात्यांनी चष्मा लावून ते वाचलं. मग मॅडमच्या हातून पेन घेतलं, 'शेजारी शेतकऱ्यास'वर आडवी रेघ मारली, वर लिहिलं 'भावास', आणि खाडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे सही केली.