दामूतात्यांची पंगत आणि आमचा संघ

आमच्या कबड्डी संघाचे मालक दामूतात्या खेळाडू मैदानावर निवडत नाहीत, पंगतीत निवडतात. मी प्रशिक्षक. दिवसभर पोरांच्या चढाया बघतो, पकडी तपासतो. संध्याकाळी तात्या सगळ्यांना भोसरीतल्या घरी जेवायला बोलावतात आणि जो रश्शाची वाटी तोंडाला लावतो, तो संघात. "ताटावर लाजतो त्यो चढाई काय करणार?" हे त्यांचं शास्त्र. दर मोसमात आम्ही तळाला असतो, हे वेगळं सांगायला नको.

तात्या इथले जुने. शेतात कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या, भाडं येऊ लागलं, त्यातून त्यांनी लीगमधला हा संघ घेतला. काकी गेल्यापासून स्वयंपाक स्वतः करतात, आणि झकास करतात, हीच आमची पंचाईत. कबड्डीत वजनाची मर्यादा असते हो. गेल्या मोसमात आमचे दोघे सामन्याआधी काट्यावरच बाद झाले. तात्या काट्यावर चिडले. "मशिन खराब हाय. पोरं बघ की कशी भरलीत."

शिवाय एकदा जेवलेल्या माणसाला ते काढत नाहीत. आमच्या कप्तानाचा गुडघा वाकत नाही. बदला म्हटलं की म्हणतात, "माझ्या घरी जेवलाय त्यो. कोणत्या तोंडानं सांगू?"

आणि सोपान. परभणीचा, चाकणला कंपनीत कामाला. शिफ्ट संपवून सरावाला यायचा. असा चढाईपटू मी दुसरा पाहिला नाही, राव. पण तात्यांकडे अर्धी भाकरी खाऊन उठायचा. माझ्या हट्टापायी तात्यांनी त्याच्याशी करार केला, पण अख्खा मोसम बाकावर बसवला. मी कपाळाला हात लावला. "पोरगं आपल्याला मानत न्हाई," एवढंच उत्तर.

मोसम संपला, करार संपले. सोपानला दुसऱ्या संघाचं बोलावणं आलं. तो तात्यांचा निरोप घ्यायला आला तेव्हा मी तिथंच होतो, त्याला थांबवा म्हणून तात्यांच्या विनवण्या करत.

सोपान म्हणाला, "वजनाचं भ्या होतं तात्या, म्हणून जेवत नव्हतो. तुमच्या ताटावरून उठायचं लई जिवावर यायचं बघा. आज वाढा."

आणि जेवला की हो. भाकऱ्या संपल्या, तात्या पुन्हा पीठ मळायला आत गेले. मी मागोमाग. "आता तरी ठेवून घ्या त्याला. अजून सही केलेली नाही त्यानं. तुमच्या एका शब्दावर राहील."

तात्या भाकरी थापत राहिले. "न्हाई. आपल्यात ऱ्हायला तर वजनापायी रोज उपाशी उठंल माझ्यासमोरनं. तिकडं खेळू दे, मोसम संपला की जेवाय हितं येऊ दे. माझी दोन्ही पोरं हितं जवळच, ताथवड्याला. येत्यात, उभ्या उभ्या च्या घेत्यात, जात्यात. बसून जेवणारं कोण हाय मला?"

बाहेरून सोपाननं रस्सा मागितला. मी वाटी भरली आणि हातातून निसटलेल्या आमच्या चढाईपटूला वाढायला गेलो.