कोठीत तोंड घालणारे हरिभाऊ

हरिभाऊ कोणाच्याही घरी गेले, की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी त्या घरातल्या तांदळाच्या कोठीचं झाकण उघडत आणि आत तोंड घालून "ओऽऽ" करत. जवाहरनगरच्या क्वार्टरांतल्या बायकांनी याचा भलताच अर्थ लावला होता. "आपल्या घरी तांदूळ किती उरले, हे त्याईले काहून पायजे?" असं माझ्या बायकोनंही मला विचारलं.

त्यांना तांदळाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना घुमणारी कोठी हवी होती.

फॅक्टरीत आम्ही एका पाळीला आणि राहायलाही शेजारी, त्यामुळे त्यांची सगळी खुळं आधी माझ्या डोक्यावर. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी हळदीची गाणी म्हणत, आणि त्यांना पार लाखांदूरपर्यंत बोलावणं असे. हरिभाऊंना मात्र त्या सोबत गाऊ देत नसत. "तुमी मांगं राह्यता जी," म्हणून गप्प बसवत. पुढे गळ्याचं ऑपरेशन झालं आणि वहिनींकडे नुसती कुजबुज उरली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हरिभाऊंनी त्यांचं एक गाणं टेप केलं होतं. पण दुखऱ्या गळ्याचा तो आवाज कॅसेटवर अगदीच पातळ उतरला होता. आता मुलीचं लग्न ठरलं, आणि हळदीला मांडवात आईचंच गाणं वाजणार, असं हरिभाऊंनी जाहीर करून टाकलं.

"पन आवाज भरला पायजे जी. धानाचा दाना भरते तसा. पोचट नाई चालत."

शेवटी माझीच कोठी रिकामी झाली. टेपरेकॉर्डरही माझाच गेला. त्यांचा टेप कोठीत वाजायचा आणि माझा टेप बाहेरून ते घुमलेलं गाणं भरून घ्यायचा. ऐकलं तर वहिनी विहिरीत पडून हाका मारताहेत, असं वाटलं. मी तसं बोललोही. हरिभाऊ चिडले नाहीत, त्यांनी कोठीत गोधडी कोंबली. मग न्हाणीघर झालं, पाण्याची रिकामी टाकी झाली.

"सोडा आता," मी म्हणालो.

"सोडाले काय झालं? आठ दिवस हायेत अजून."

त्यानंतर दोन्ही टेप घेऊन ते खोलीत गेले आणि आतून कडी लावली. मला, शेजाऱ्याला, माझ्याच टेपरेकॉर्डरला भेटू देईनात!

हळदीला कॅसेट लागली. आवाज भरला होता. पाटाभोवतीच्या बायका हळद लावायच्या थांबल्या. मी कान दिला, तर वहिनींच्या आवाजाखाली आणखी एक घोगरा आवाज होता, जेमतेम सुरातला, प्रत्येक शब्दाला किंचित उशिरा पोचणारा. कडी लावून हरिभाऊ वहिनींच्या कॅसेटसोबत गायले होते आणि माझ्या टेपनं दोघांनाही एकत्र धरलं होतं.

वहिनींनीही ओळखलं. हळदीनं माखलेला हात तसाच धरून त्या वळल्या आणि कुजबुजल्या, "आतापन मांगंच राह्यले तुमी."

"तुह्या मांगंच राह्यलो," हरिभाऊ म्हणाले, "म्हनून तं भरला."

वहिनींनी हळदीचं बोट त्यांच्या गालाला पुसलं आणि गाणं पुन्हा लावायची खूण केली.