आप्पांचं कुलूप

बाळांनो, आमच्या शेजारच्या आप्पांना कुलूप दाखवलं की ते आधी चोर होतात. वडगावात जन्मभर साड्या विणल्या. मागाच्या फणीतून दोरा ओढायचा बारीक आकडा अजून त्यांच्या खिशात असतो. तो कुलपात घालायचा, डोळे मिटायचे, कान लावायचा. उघडलं की कीव करत विचारायचं, "ह्येला कुलूप म्हणायचं व्हय?" आमच्या दाराचं त्यांनी असंच उघडून दिलं. मी सांगितलेलं नसताना!

गेल्या आठवड्यात गल्लीतली एक सायकल चोरीला गेली आणि आप्पांची झोप उडाली. त्यांच्या व्हरांड्यात मुलीची, सुमीची, कॉलेजातली सायकल आहे. सुमी आता कॅनडात असते. सायकलच्या चाकांत हवा नाही, पण आप्पा ती रोज पुसतात.

सायकलसाठी मी कुलपांची व्यवस्थित यादी केली आणि त्यांना खडेबाजारात नेलं. दुकानदारानं पाच कुलपं मांडली. आप्पांनी चार उघडली. बघे जमले.

"आप्पा, घ्यायला आलाय का फोडायला?" दुकानदार कळवळला. "पोलीस येतील की ओ!"

"येऊ देत. त्यास्नी बी कळंल तू काय इकतोस."

पाचवं होतं नंबर जुळवून उघडायचं. त्याला भोकच नाही. आकडा मुकाट खिशात गेला.

"हेच घ्या," मी म्हटलं. "किल्ली हरवायची भीती नाही."

"नगं आक्का. किल्लीच पायजे. दोन पायजेत."

शेवटी आतून एक धुळकट, तळहाताएवढं पितळी कुलूप आलं. आप्पा अर्धा तास झुंजले. ते हललं नाही. जावई पसंत पडावा तसा आप्पांचा चेहरा उजळला.

दुसऱ्या दिवशी ते पाकीट घेऊन आले. "आक्का, सुमीचा पत्ता तेवढा इंग्रजीत लिवा." आत दुसरी किल्ली होती.

"अहो, तिला तिकडे ही कशाला? नंबरचं घेतलं असतं तर फोनवर सांगता आलं असतं."

"नंबर ऐकला की इसरंल. किल्ली पर्समदी ऱ्हाती. हात घातला की लागंल." पाकीट माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "आन अवचित आली, मी घरात नसलो, तर दारात बसाय नगं. सायकल काढावी, एक फेरी मारून यावं."

मी पत्ता लिहिला. पिनकोड दोनदा तपासला. तोवर बाहेरून पंपाचा आवाज येऊ लागला होता. आप्पा सायकलीत हवा भरत होते.