कुझेसाहेब आणि तांदूळ

एखाद्या कामातलं अध्यात्म दिसायचं असेल, तर ते काम आधी चाळीस वर्षं दुसऱ्या कुणीतरी करावं लागतं. जपानमधल्या कानाझावाचे कुझेसाहेब विमा कंपनीतून निवृत्त झाले, डोंगरावरच्या मठात शिबिराला गेले आणि 'स्वयंपाकघर हेच ध्यानमंदिर' हे सत्य घेऊन परतले. त्यांच्या पत्नी शिझुएबाई लग्नापासून त्याच खोलीत वावरत होत्या, पण त्यांना तिथे आजवर फक्त जेवण सापडलं होतं.

शिकवण सोपी होती. एका वेळी एकच काम. कप धुताना कपच धुवायचा. (शिझुएबाई कप धुताना सार ढवळत, फोनवर लेकीचं गाऱ्हाणं ऐकत आणि दारातल्या माणसाला पार्सलच्या पावतीवर शिक्का मारून देत. ही पद्धत सदोष असल्याचं साहेबांनी त्यांच्या निदर्शनास आणलं.) आता एका कपाला सकाळ पुरत असे. मुळा सोलण्यापूर्वी मुळ्याची परवानगी मागितली जाई आणि मुळा ती लवकर देत नसे. उत्पादन घटलं, गांभीर्य वाढलं.

"अहो, जरा सरकता का? मासा करपतोय."

"करपू दे. करपणं नुसतं पाहा, शिझुए."

"पाहते. खाणार कोण?"

अशात सासूबाईंचं सातवं वर्षश्राद्ध आलं. शिजलेल्या भाताची पहिली वाटी देव्हाऱ्यातल्या सासूबाईंच्या फोटोपुढे, मग गुरुजींचे मंत्र, मग माणसं, हा क्रम त्या घरात कधी चुकला नव्हता. सासूबाई हयात असताना भाताला उशीर झाला की काय होई, ते शिझुएबाईंना चांगलं आठवत होतं. शिवाय आता तर सासूबाईंना भिंतीही आडव्या येत नव्हत्या.

"भात मी करणार," साहेब म्हणाले. "आई माझी आहे."

"करा हो. पण गुरुजींच्या आधी होऊ दे."

साहेबांनी उजाडताच तांदूळ पाण्यात घातला. प्रत्येक दाणा नीट पाहावा, म्हणजे खडा सुटत नाही, असं मठात सांगितलं होतं. साहेब दाणे पाहू लागले. (पाकिटातल्या तांदळात खडे नसतात. हा मुद्दा गौण होता.)

त्याच मठातले गुरुजी वेळेआधीच आले, हातात स्कूटरचं हेल्मेट. "भात झाला का? मला अजून चार घरं उरकायचीत."

"गुरुजी, मी तांदळासोबत आहे," साहेब आतून म्हणाले.

"छान. राहा," असं म्हणून गुरुजींनी घड्याळ पाहिलं.

शिझुएबाई न्हाणीघरात गेल्या. तिथे वॉशिंग मशीनवर, टॉवेलखाली, विजेचा कुकर होता. स्वयंपाकघरातून विस्थापित झाल्यापासून घरचा सगळा भात कपड्यांच्या धुण्याबरोबर तिथेच होत होता. त्या टॉवेलवर हात ठेवून उभ्या राहिल्या. अखेर कुकरने 'झालं' म्हणून आपली धून वाजवली. साहेबांनी ती दूरच्या पक्ष्याची म्हणून मनोमन नोंदवली.

वाफाळती वाटी सासूबाईंच्या फोटोपुढे गेली. घंटा वाजली तसे साहेब हात पुसत बाहेर आले. मंत्र झाले, पानं मांडली. गुरुजींनी पहिला घास घेऊन डोळे मिटले.

"कुझेसाहेब, काय भात झालाय! मन लावलेलं जिभेला कळतं. मठातही आता विजेचा कुकरच आहे, पण त्याला ही चव नाही."

साहेब नम्रपणे वाकले. त्यांनी प्रत्येक घास पूर्ण जाणिवेने चावला. त्यांना त्यात पाऊस लागला, ऊन लागलं, आई लागली. आपला तांदूळ अजून पातेल्यात भिजतोय, एवढं मात्र लागलं नाही. धुणं आणि खाणं यांच्या मध्ये शिजवणं नावाची एक पायरी असते, हे शिबिरात आलंच नव्हतं.

"रविवारी मठात येऊन अनुभव सांगा," गुरुजी हेल्मेट चढवत म्हणाले. "पुष्कळ मंडळी येतील. फक्त त्यांच्यासाठी भाताचे गोळे..."

दोघांनी शिझुएबाईंकडे पाहिलं.

"करते हो," त्या म्हणाल्या. मशीनवर दोन कुकर मावतील का, याचा त्या अंदाज घेत होत्या. दुसरीकडे उष्टी भांडीही गोळा करत होत्या, म्हणजे पुन्हा एका वेळी दोन कामं.

तुमचं मात्र तसं नाही. तुम्ही ही कथा शांत बसून, दुसरं काहीही न करता, शेवटपर्यंत वाचलीत. त्याअर्थी तुमच्या घरची भांडी आत्ता कुणीतरी घासतंय.